केट बुश आणि खिडकीबाहेरची कॅथी : पुस्तक न वाचता हे गाणं कळतं का?

गच्चीवरचा_पाऊस

माझ्यासारखे बरेच जण ब्रिटिश गायिका केट बुशकडे उलट्या वाटेने आले असतील. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे तिचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' पुन्हा गाजलं आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. ते डोक्यात बसलं म्हणून मागे मागे जात तिच्या पहिल्या गाण्यापर्यंत पोचलो. 'वदरिंग हाइट्स', जानेवारी १९७८. आणि तिथेच अडकून पडलोय.

मूळ, त्याच नावाची, एमिली ब्राँटेची १८४७ ची कादंबरी. त्यातली कॅथी मेल्यावर भूत होऊन खिडकीशी येते आणि हीथक्लिफला सांगते की मी आलेय, थंडी वाजतेय, आत घे. हे सगळं एकोणीस वर्षांची मुलगी 'मी कॅथी' म्हणून गाते. एवढं गाण्यातून समजलं. पण हीथक्लिफ कोण, ही मेली कशी, एवढा तळतळाट कशाचा, काही पत्ता नाही. माझं म्हणणं, पुस्तक न वाचणाऱ्याला हे गाणं अर्धंच पोचतं. बायकोला हे पुस्तक एमएला अभ्यासाला होतं. तिला गाणं 'ठीक' वाटतं. म्हणजे माझा सिद्धांत घरातच पडला.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि पहिल्याच गाण्याला असला विषय घेणारी बाई पुढे काय काय करत गेली, तेही लिहा.

टवाळ_मुलखाचा

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं दारात मांजराचं शेपूट अडकलं. दिवा घ्या.

अपर्णिका

टवाळ, घेतला दिवा, पण तेलही तूच भर.

धागा मस्त. वाचतेय.

जुना_भिडू

आम्ही हे ताजं ताजं ऐकलेलं आहे. तेव्हा मुंबईत परदेशी तबकडी मिळवायची तर ऱ्हिदम हाउस नाहीतर कुणाचा तरी जहाजावरचा मामा. आमच्या ग्रूपला मामा होता. 'द किक इनसाइड' हा तिचा पहिला आल्बम त्याने आणला आणि आम्ही पोरं, जी तोवर गिटारवाल्या दाढीवाल्यांची भक्त होती, ती हा आवाज ऐकून अक्षरशः एकमेकांकडे बघत बसलो. अर्ध्या पोरांचं मत टवाळसारखंच होतं.

थोडा इतिहास, कारण तो गाण्याइतकाच गमतीचा आहे. केटचा जन्म ३० जुलै १९५८ चा, केंटमधला. वडील डॉक्टर. घरात सगळे वाजवणारे. शाळकरी वयातच तिने ढीगभर गाणी रचून घरी टेप केली होती. ती पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरच्या कानावर गेली आणि त्याने पदरचे पैसे घालून १९७५ मध्ये नीट स्टुडिओत, वाद्यवृंदासकट, तिची काही गाणी रेकॉर्ड करून घेतली. ती तेव्हा सोळा वर्षांची. त्यातली दोन तशीच पहिल्या आल्बमवर आहेत. मग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि (हे मला फार आवडतं) लगेच आल्बम काढायची घाई केली नाही. मिळालेल्या पैशातून ती लिंडसे केम्पकडे नाच आणि मूकाभिनय शिकायला गेली, एक छोटा बँड करून लंडनच्या पबमध्ये गायली.

'वदरिंग हाइट्स' तिने मार्च १९७७ मध्ये एका रात्री पियानोवर बसून लिहिलं. कंपनीला पहिलं गाणं म्हणून दुसरंच हवं होतं, 'जेम्स अँड द कोल्ड गन' नावाचं, सरळसोट रॉक. ही अडून बसली. हेच पहिलं येणार. नोव्हेंबर ७७ ला यायचं ठरलं, तर वेष्टनावरचा फोटो तिला पसंत नव्हता म्हणून पुढे ढकललं. एका दृष्टीने बरंच झालं, कारण त्या नाताळात पॉल मॅकार्टनीच्या विंग्जचं गाणं चार्टवर ठाण मांडून बसलं होतं. ही मार्चमध्ये ॲबा या बँडला खाली ढकलून वर गेली आणि चार आठवडे तिथेच राहिली. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेली ती पहिली बाई.

अल्लड_सुगरण

३० जुलै? एमिली ब्राँटेचा वाढदिवसही ३० जुलै ना? १८१८.

जुना_भिडू

हो. तिलाही हे नंतर कळलं म्हणे. ज्योतिषवाल्यांनी कृपया या धाग्यात येऊ नये.

पेठेतला

एक शंका. हिने पुस्तक वाचून गाणं लिहिलं की टीव्हीवर बघून? मी कुठेतरी वाचलं होतं की मालिका बघून लिहिलं. तसं असेल तर 'साहित्यावरून प्रेरित' वगैरे भारदस्त शब्द जरा आवरते घ्या.

अपर्णिका

दोन्ही खरं आहे. लहानपणी बीबीसीच्या १९६७ च्या मालिकेच्या शेवटच्या भागाचा फक्त शेवट तिच्या नजरेस पडला होता. खिडकी, बाहेरचा हात, एवढंच. ते डोक्यात राहिलं. गाणं करायला घेतलं तेव्हा वातावरण पकडायला म्हणून पुस्तक वाचलं. माझ्या मते म्हणूनच गाणं जमलं. आधी अख्खं पुस्तक पाठ असतं तर तिने चार कडव्यांत सगळी कथा कोंबली असती. हिने एकच प्रसंग धरला.

पेठेतले, मालिकेच्या शेवटावरून पुस्तकाकडे जाणं यात कमीपणा कसला? आपल्यातल्या कितींनी 'स्वामी' आधी टीव्हीवर बघितली आणि मग वाचली?

पेठेतला

मी आधी वाचली. पण मुद्दा पोचला.

हार्मोनियमवाली

गाणं शिकवते म्हणून दोन शब्द. टवाळभाऊंना जे मांजर वाटतं त्याचं कारण नुसता वरचा आवाज नाही. हार्मोनियमवर बसून काढून बघा. कडवं पांढरी सहामध्ये सुरू होतं आणि ध्रुवपदाला येईपर्यंत आपण काळी एकमध्ये जाऊन पोचलेले असतो. इतक्या लांबच्या पट्टीत, तेही कुठे दार आपटल्यासारखं न वाटता. शिवाय ध्रुवपदात तालाच्या मात्रा एकसारख्या नाहीत. ठेका धरून बसलात तर मध्येच एखाददोन मात्रा कमी पडतात आणि हात हवेत राहतो. माझ्या विद्यार्थिनीने हट्टाने बसवलं, तेव्हा तबलजी (कॉलेजचा पोरगा) सम शोधत घामाघूम झाला होता. शेवटी म्हणाला, मॅडम, मी नुसता घुंगरू वाजवू का?

आणि हे सगळं ऐकताना जाणवत नाही, हे विशेष. कान म्हणतो सोपं गाणं आहे. गायला घेतलं की कळतं.

टवाळ_मुलखाचा

ताई, आदर आहेच. पण एवढं वर गायची गरज काय होती? बाईचा मूळ आवाज तेवढा वर नाही. त्याच आल्बमवरची बाकीची गाणी ऐकली की. मुद्दाम केलंय.

हार्मोनियमवाली

मुद्दामच केलंय. तेच तर. ती केट म्हणून गात नाही, भूत म्हणून गाते. नाटकातला नट आवाज बदलतो तेव्हा आपण तक्रार करतो का?

तरी त्रास होत असेल तर १९८६ मध्ये तिने हेच गाणं पुन्हा गायलं, 'द होल स्टोरी' या संग्रहासाठी. आवाज भरलेला, अंगात मुरलेला. ते ऐका. गायकी म्हणून ते सरस. पण मला जुनंच हवं असतं.

टवाळ_मुलखाचा

ऐकलं ८६ चं. हे मात्र चालेल. गॅलरीतलं मांजरही उठून गेलं नाही.

ध्वनिमुद्रक

करियरबद्दल विचारलंय म्हणून माझ्या गल्लीतलं सांगतो. लोक पहिल्या गाण्यात अडकतात, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला तिची पुढची दहा वर्षं म्हणजे पाठ्यपुस्तक आहे.

१९७९ ला तिने दौरा केला. नाच आणि गाणं एकदम करायचं होतं, हातात माइक घेऊन ते शक्य नव्हतं. तर तिच्या ध्वनी तंत्रज्ञाने कपडे अडकवायच्या तारेच्या हँगरपासून डोक्याला लावायचा माइक बनवला. आज झुंबापासून कीर्तनापर्यंत सगळे जो तोंडासमोर लावून फिरतात, त्याच्या सुरुवातीच्या अवतारांपैकी तो एक. त्या दौऱ्याच्या सुरुवातीलाच तिचा प्रकाशयोजना करणारा तरुण सहकारी अपघातात गेला. दौरा तिने पूर्ण केला, त्याच्या कुटुंबासाठी एक प्रयोगही केला, पण त्यानंतर पूर्ण लांबीचे कार्यक्रम थांबले ते ३५ वर्षं.

ती स्टुडिओत शिरली. १९८० च्या 'नेव्हर फॉर एव्हर'वर फेअरलाइट नावाचं यंत्र आलं, गायक पीटर गॅब्रिएलमुळे तिला त्याची ओळख झाली. कुठलाही खराखुरा आवाज त्यात घ्यायचा आणि सुरपट्टीवर वाजवायचा. 'बबूश्का' गाण्याच्या शेवटी काचा फुटतात ना, त्या अशा त्या यंत्रात घेऊन वाजवलेल्या आहेत. आज हे फोनवर होतं. तेव्हा त्या यंत्राच्या किमतीत घर आलं असतं. १९८२ चा 'द ड्रीमिंग' तिने संपूर्ण स्वतः प्रोड्यूस केला, विक्री बेतास बात झाली, कंपनीची कपाळाला आठी. त्यावर हिने काय करावं? घरीच स्टुडिओ बांधला. तासाच्या भाड्याचं मीटर बंद. त्यातून १९८५ चा 'हाउंड्स ऑफ लव्ह' निघाला. एका बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला रात्री समुद्रात एकटीच तरंगत असलेल्या बाईची सलग कथा.

एवढं सगळं करणाऱ्या बाईला लोक 'ती उंच आवाजवाली' म्हणून ओळखतात याचा मला वैयक्तिक राग आहे.

अल्लड_सुगरण

ध्वनिमुद्रक, रागातसुद्धा माहिती छान देता.

रच्याकने (बाय द वे), २००५ च्या 'एरियल'वर तिचं एक गाणं चक्क कपडे धुण्याच्या मशीनवर आहे. आणि दुसऱ्या एकात ती गणितातल्या 'पाय'चे (π) दशांश आकडे गाते. नुसते आकडे! मी भाजी चिरताना लावलं होतं, मुलगा म्हणाला, आई, ही बाई ओटीपी का सांगतेय?

गच्चीवरचा_पाऊस

ओटीपी :D

पेठेतला

आता माझा मूळ आक्षेप. साहित्यावरून गाणं यात अप्रूप काय? आपल्याकडे ग्रेस, आरती प्रभू अशा कवींना हृदयनाथांनी चाली लावल्याच की. आपलं निम्मं भावगीत साहित्यातूनच आलंय.

अपर्णिका

ती कवितेला लावलेली चाल झाली. शब्द कवीचे, तसेच्या तसे. इथे कादंबरीतला प्रसंग घेऊन नवे शब्द, नवी चाल, आणि पात्र होऊन गाणं. तुलनाच करायची तर गीतरामायणाशी करा. वाल्मीकींची कथा, पण प्रत्येक गाणं कुणाच्या तरी तोंडी. कधी राम, कधी सीता, कधी कौसल्या. १९५५-५६ ला पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक. गदिमांनीही तेच केलं, कथा सांगत बसले नाहीत, प्रसंग निवडला आणि पात्राला बोलतं केलं.

जुना_भिडू

अपर्णिका, क्या बात. फरक एवढाच की तिथे शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, गळे अनेकांचे. इथे तिन्ही गोष्टी एका पोरीच्या, वर नाचलीसुद्धा तीच. दोन व्हिडिओ आहेत, एक पांढऱ्या पोशाखातला धुरकट स्टुडिओमधला, एक लाल पोशाखातला गवतावरचा. आता दर जुलैला जगात ठिकठिकाणी लोक लाल झगे घालून मैदानात जमतात आणि तो नाच करतात. पोट सुटलेले काकासुद्धा.

टवाळ_मुलखाचा

पुण्यात ठेवा. एसपी कॉलेजच्या मैदानावर. लाल झगा मी आणतो.

पेठेतला

गीतरामायणाचा मुद्दा मान्य. पण मग पुस्तकावरून हिंदी सिनेमाही आलाय, 'दिल दिया दर्द लिया', १९६६. दिलीपकुमार हीथक्लिफ, वहिदा कॅथी, नौशादचं संगीत. आमच्या पिढीने ब्राँटे तिथेच उरकली.

जुना_भिडू

पेठेतले, तिथे भूत नाही हो! भूतच काढलं तर उरतं काय? प्राण आणि चाबूक.

लीड्सकर

उशिरा आलो. नोकरीनिमित्त यॉर्कशरमध्ये राहतो, म्हणून जागेबद्दल.

हॉवर्थ हे ब्राँटे बहिणींचं गाव. चढावरची दगडी गल्ली, वर चर्च, त्याशेजारी त्यांचं घर, आता संग्रहालय. घराला लागूनच दफनभूमी आहे, म्हणजे या पोरींना खिडकीतून रोज काय दिसत असेल बघा. तिथून माळरानावर चालत निघालं की टॉप विदन्स नावाचं पडकं घर लागतं. तेच 'वदरिंग हाइट्स' असं समजून जगभरचे लोक येतात, इतके की वाटेवरच्या पाट्यांवर जपानीतही लिहिलंय. वर पोचल्यावर भिंतीवर ब्राँटे सोसायटीची एक पाटी आहे. तिचा मथितार्थ असा: कादंबरीतल्या घरात आणि या घरात काही साम्य नाही, फार तर जागा लेखिकेच्या मनात असू शकेल. दमूनभागून आलेल्या माणसाला हे भिंतीवर वाचायला लावणं फक्त इंग्रजांनाच जमतं.

दुसरी गंमत. थॉर्न्टन (बहिणींचं जन्मगाव) ते हॉवर्थ या पट्ट्यात २०१८ मध्ये कविता कोरलेले दगड बसवले, ब्राँटे स्टोन्स. त्यातल्या एमिलीच्या दगडावरची कविता केट बुशने लिहिलेली आहे. पहिल्या गाण्यानंतर ४० वर्षांनी. दगड मुद्दाम आडजागी, खडकाच्या कड्यात आहे, शोधावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा वारा असा होता की मित्राने मोबाइल काढून गाणं लावलं आणि कानाशी धरूनही ऐकू येईना.

अपर्णिका

वा लीड्सकर! जपानी पाट्या हे माहीत नव्हतं.

पावभाजी_२००५

मी पण स्ट्रेंजर थिंग्जवाली. ३७ वर्षं लागली गाण्याला नंबर वनला जायला, रेकॉर्ड आहे म्हणे. इथल्या काका-काकूंना एक विचारायचंय, ती अजून कॉन्सर्ट करते का?

ध्वनिमुद्रक

२०१४ ला केल्या, लंडनमध्ये हॅमरस्मिथला, २२ प्रयोग. तिकिटं काही मिनिटांत संपली. आधी प्रेक्षकांना विनंती केली की मोबाइल, कॅमेरे बाहेर काढू नका, आणि लोकांनी ऐकलं. मी गेलेलो नाही, जळजळ आहे. आणि सगळ्यात धमाल म्हणजे त्या २२ प्रयोगांत तिने 'वदरिंग हाइट्स' गायलंच नाही. १९८५ च्या आधीचं एकही गाणं नाही. कुणाची टाप आहे असं करायची?

पेठेतला

आपल्याकडे असं केलं असतं तर पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली असती.

अल्लड_सुगरण

तिने साहित्यावरून आणखी केलंय ना काही? जेम्स जॉइसचं काहीतरी होतं.

अपर्णिका

हो. १९८९ च्या 'द सेन्शुअल वर्ल्ड'च्या शीर्षकगीतासाठी तिला त्याच्या 'युलिसिस' कादंबरीच्या शेवटचं मॉली ब्लूमचं स्वगत हवं होतं, जॉइसचेच शब्द. वारसांनी परवानगी दिली नाही. मग तिने स्वतःचे शब्द लिहिले. २०११ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा बाईने गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, मूळ शब्दांसकट. बावीस वर्षांनी! 'क्लाउडबस्टिंग'ही पुस्तकावरूनच, पीटर राइशने वडिलांबद्दल लिहिलेल्या आठवणी. बाप पाऊस पाडायचं यंत्र करतो आणि सरकारी माणसं त्याला घेऊन जातात. व्हिडिओत बाप झालाय डोनल्ड सदरलंड आणि मुलगा झालीय स्वतः केट.

गच्चीवरचा_पाऊस

सगळ्यांचे आभार, धागा कुठल्या कुठे गेला. मधल्या काळात बायकोची एमएची जीर्ण प्रत काढून तिसऱ्या प्रकरणापर्यंत आलोय, म्हणजे खिडकीचा प्रसंग. आणि हादरलोय. एकतर खिडकीशी हीथक्लिफ नाहीच. लॉकवुड नावाचा परका भाडेकरू तिथे झोपलाय. फांदी वाजते म्हणून काच फोडून हात बाहेर घालतो, तर हातात थंडगार छोटा हात येतो. तो सुटत नाही म्हणून हा सद्गृहस्थ तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्त येईपर्यंत. यातलं गाण्यात काहीच नाही! हिने भूत घेतलं, रक्त सोडलं. गाणं गोड करून टाकलंय का मग?

अपर्णिका

गोड नाही, बाजू बदललीय. पुस्तकात तो प्रसंग खिडकीच्या आतून दिसतो, घाबरलेल्या पुरुषाच्या नजरेने. गाणं खिडकीच्या बाहेरून आहे. बाहेरचीला काचेचं काय, तिला आत यायचंय. आणि ती लॉकवुडशी कशाला बोलेल? ती हीथक्लिफलाच हाक मारणार. पुस्तकात हीथक्लिफ नंतर धावत येऊन खिडकी उघडून रडतो, तोवर ती गेलेली असते. पुढचं पान वाच.

हार्मोनियमवाली

आणि अजून एक बघा, पाऊसदादा. त्याच पानावर लॉकवुडला खिडकीत चेहरा दिसतो तो लहान मुलीचा. कॅथी मेली तेव्हा लग्न झालेली, बाळंत झालेली बाई होती, नावही सासरचं सांगते, पण भूत मात्र पोरीचं आहे. गेली वीस वर्षं भटकतेय म्हणते. आता जुनं, १९७८ चं रेकॉर्डिंग लावा. तो आवाज तेवढा वर का आहे ते कळेल. ८६ चं चांगलं गायलेलं आहे, पण ते बाईचं भूत आहे.

टवाळ_मुलखाचा

ताई, हे आधी सांगायचं ना. आता ७८ चंच ऐकावं लागणार. रात्री नाही ऐकणार.

गच्चीवरचा_पाऊस

पुढचं पान वाचलं. हीथक्लिफ खिडकी उघडून रडतो ते. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'माहितेय, त्यावर मला दहा मार्कांचा प्रश्न आला होता.' तिचं मत अजून 'ठीक'च आहे.

जुना_भिडू

वहिनींना किती पडले ते विचार.

गच्चीवरचा_पाऊस

विचारलं. सात. तीन कुठे गेले यावर आता घरात दुसरा धागा सुरू आहे.